वेळेआधी जन्मलेल्या बाळाला वरचं अन्न: कधी, कसं आणि कुठे अडतं

‘सहा महिने झाले, आता वरचं सुरू करा’ हा सल्ला पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आहे. 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्याची वयं दोन असतात. एक जन्मतारखेपासूनचं आणि दुसरं ‘करेक्टेड’, म्हणजे 40 आठवडे भरायला जितके कमी होते तितके वजा करून आलेलं. 31व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ 9 आठवडे लवकर आलं. कॅलेंडरवर त्याला सहा महिने होतात तेव्हा करेक्टेड वय जेमतेम चार महिने असतं, आणि करेक्टेड सहा महिने भरेपर्यंत जन्माला आठ महिने झालेले असतात.

मग नेमकं कधी? यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. ब्रिटनमधली ब्लिस ही संस्था जन्मतारखेपासून 5 ते 8 महिन्यांचा काळ सांगते, तोही बाळाची तयारी बघून. 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांवर भारतात झालेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात करेक्टेड 4 आणि करेक्टेड 6 महिन्यांना सुरुवात केलेल्या गटांची तुलना होती. वर्षभराच्या वयाला वजनात फरक दिसला नाही, पण 4 महिन्यांच्या गटातली बाळं दवाखान्यात जास्त वेळा दाखल झाली. त्यामुळे ‘लवकर भरवलं की लवकर वजन वाढेल’ या समजुतीवर माझा अजिबात विश्वास नाही. करेक्टेड चार महिन्यांच्या आत घाई करू नये. पुढच्या दोन महिन्यांत बाळाचं अंग काय सांगतंय ते बघावं आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

अंग काय सांगतं ते ओळखणं अवघड नाही. आधार देऊन बसवल्यावर मान स्थिर राहते, हातातली वस्तू नेमकी तोंडात जाते, चमचा दिसला की बाळ पुढे झुकतं आणि तोंड उघडतं. जिभेने सगळं बाहेर ढकलायची सवय कमी झालेली असते. मूठ चोखणं किंवा रात्री जास्त वेळा उठणं ही तयारीची खूण नाही, इथे बरेच जण फसतात. उलट, जन्माला आठ-नऊ महिने होऊन गेले आणि मान अजून डुलते आहे, तर नुसती वाट बघत बसू नका. बाळाला दाखवा.

आता अडचणींकडे. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 32 ते 34 आठवड्यांपासून बसायला लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं. नाकातोंडातली नळी, व्हेंटिलेटर, कफ ओढणं, चेहऱ्यावरच्या चिकटपट्ट्या अशा नको वाटणाऱ्या स्पर्शांतून त्याच्या तोंडाची ओळख जगाशी होते. पुढे चमचा जवळ आला की ते मान फिरवतं, उमासे काढतं. याला हट्ट म्हणू नका, ते स्वतःला वाचवत असतं. अशा बाळाला सुरुवातीला भरवायचंच नाही. दिवसातून दोन-तीनदा, ते खुशीत असताना, आधी हात, मग गाल, मग ओठ हलके स्पर्शायचे. रिकामा मऊ चमचा त्याच्याच हातात द्यायचा, बोटाला लागलेलं अन्न त्याचं त्याला चाखू द्यायचं. जबरदस्तीने घातलेला एक घास महिनाभराची मेहनत घालवू शकतो.

भरवताना बाळ ताठ बसलेलं हवं: कंबर टेकलेली, पावलांना आधार, हनुवटी किंचित खाली. मागे रेललेल्या बाळाच्या घशात अन्न आपोआप घसरतं आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. चमचा लहान आणि उथळ घ्या, जिभेच्या मध्यावर टेकवा आणि वरचा ओठ खाली येऊन अन्न ओढून घेईपर्यंत थांबा. वरच्या हिरडीला घासून चमचा रिकामा केला तर बाळ ओठ वापरायला शिकतच नाही.

पहिले काही दिवस दिवसातून एकदा, 1-2 छोटे चमचे. 15-20 मिनिटांपुढे ओढू नका, विशेषतः फुप्फुसं नाजूक असलेल्या बाळाच्या बाबतीत, कारण खाण्याच्या श्रमानेच ते दमतं. दूध हेच अजून मुख्य अन्न आहे. ते एकदम कमी केलं की वजन अडतं.

पातळ पाण्यासारखं भरवणं ही सर्रास होणारी चूक. या बाळाचं पोट लहान आणि गरज मोठी असते. चमचा तिरका केल्यावर अन्न हळूच घसरावं, इतकं दाट हवं. त्यात थोडं तूप, तेल किंवा लोणी घाला. नुसती फळं आणि भाज्यांवर आठवडे काढू नका, डाळी, अंडं, मांस लवकर आणा. गर्भातला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, तो या बाळाला पुरता मिळालेलाच नसतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब वरचं सुरू झालं म्हणून परस्पर बंद करायचे नाहीत. पहिल्या वर्षात मध नको, मीठ-साखर नको, आणि बाटलीत अन्न कालवून तर कधीच नको.

गुळगुळीत वाटलेलं अन्न अंगवळणी पडलं की कुस्करलेलं, मग मऊ गाठींचं द्या. यात फार उशीर झाला तर पुढे चावून खायला बाळ नकार देतं. उमासा आला, चेहरा लाल झाला, खोकला आला तर घाबरू नका, शांत राहून बघा. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले तर ते गुदमरणं आहे, तिथे तातडीचे प्रथमोपचार लागतात. ते सुरुवातीआधीच शिकून घ्या.

प्रत्येक वेळी खोकला, गिळल्यावर ओलसर घरघरता आवाज, खाताना घाम किंवा रंग बदलणं, वारंवार छातीत कफ, वजन थांबणं यांपैकी काहीही दिसलं तर भरवणं थांबवून डॉक्टरांना गाठा. काही बाळांच्या श्वासनलिकेत अन्न खोकल्याशिवायही जातं, म्हणून गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवायला सांगा. जाताना एका पूर्ण भरवण्याचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात बाळ घरच्यासारखं खात नाही.