बोटो3 वापरून केएमएसची किल्ली सांभाळताना: माझा अनुभव

ग्राहकांचे पॅन आणि बँक खाते क्रमांक पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उघडे ठेवायचे नव्हते आणि एन्क्रिप्शनची किल्ली कोडमध्ये किंवा सर्व्हरवरच्या फाइलमध्येही नको होती. (आधार क्रमांक यात नव्हते, त्यांना यूआयडीएआयच्या आधार डेटा व्हॉल्टचे वेगळे नियम लागतात.) त्यासाठी एडब्ल्यूएस केएमएस (ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ल्या सांभाळणारी सेवा), तिचा मुंबई रीजन (त्या भागातली डेटा सेंटर) आणि पायथनमधून एडब्ल्यूएसला कॉल करणारी बोटो3 लायब्ररी घेतली. एन्क्रिप्शनचा कोड पंधरा-वीस ओळींत आटोपतो. वेळ खातात त्या परवानग्या आणि किल्ली बनवतानाच घ्यावे लागणारे निर्णय.

त्यातला मोठा निर्णय रीजनचा. साधी किल्ली तिच्या रीजनपुरतीच असते. मुंबईत बंद केलेला मजकूर हैदराबाद रीजनमध्ये उघडत नाही. आपत्तीच्या वेळी दुसऱ्या रीजनमधून काम चालवायचं असेल तर मल्टी-रीजन किल्ली सुरुवातीलाच बनवावी लागते, कारण साध्या किल्लीचं रूपांतर नंतर होत नाही. किल्लीचा प्रकार आणि वापरही पुढे बदलता येत नाही. ‘क्रिएट की’ हा कॉल स्क्रिप्टमध्ये टाकताना आधी एलियस (किल्लीला दिलेलं टोपणनाव) अस्तित्वात आहे का ते तपासा. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली तर केएमएस मुकाट्याने आणखी एक किल्ली बनवतं. एलियसच्या पायरीवर ‘आधीच आहे’ असा एरर येतो, पण अनाथ किल्ली खात्यात राहते आणि महिन्याला एक डॉलर लावते.

परवानग्या दोन ठिकाणी असतात: किल्लीला चिकटलेली की पॉलिसी आणि नेहमीची आयएएम (एडब्ल्यूएसमध्ये कुणाला काय करता येईल ते ठरवणारी सेवा) पॉलिसी. पॉलिसी न देता किल्ली बनवली तर डिफॉल्ट पॉलिसी खात्याच्या रूटला पूर्ण अधिकार देते, आणि त्या एका कलमामुळेच आयएएम पॉलिसी त्या किल्लीवर चालतात. ‘रूट’ हा शब्द पाहून सुरक्षेच्या नावाखाली ते कलम उडवू नका. पॉलिसी बदलताना लॉकआउटची (किल्लीवरचा ताबा स्वतःच गमावण्याची) तपासणी वगळणारा पॅरामीटर मिळतो, त्याला तर हातही लावू नका. मी किल्ली सांभाळणारा रोल (परवानग्या जोडलेली ओळख) आणि वापरणारा रोल वेगळे ठेवले. ॲपच्या रोलला फक्त ‘जनरेट डेटा की’ आणि ‘डिक्रिप्ट’ पुरतात.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आला की दोन जागा आधी बघाव्यात. आयएएम पॉलिसीच्या रिसोर्समध्ये एलियसचा एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) लिहिला असेल तर किल्लीवर काहीच परवानगी मिळत नाही. तिथे किल्लीचा स्वतःचा एआरएन हवा. दुसरं म्हणजे बोटो3 क्रेडेन्शियल शोधताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मशीनच्या रोलच्या आधी बघतं. कुणीतरी जुन्या ॲक्सेस की तिथे सोडल्या असतील तर तुमचा नीट बांधलेला रोल वापरातच येत नाही. एसटीएस या एडब्ल्यूएसच्या तात्पुरती क्रेडेन्शियल देणाऱ्या सेवेचा ‘गेट कॉलर आयडेंटिटी’ कॉल मारला की नेमकं कोण बोलतंय ते एका ओळीत दिसतं.

आता प्रत्यक्ष एन्क्रिप्शन. थेट ‘एन्क्रिप्ट’ कॉलमध्ये 4096 बाइटपर्यंतच मजकूर चालतो. पॅनला ते भरपूर आहे, पण प्रत्येक मूल्यासाठी नेटवर्कवर जायचं म्हणजे सगळं मंदावतं. म्हणून एन्व्हलप पद्धत: ‘जनरेट डेटा की’ला एईएस-256 मागायचं. उत्तरात 32 बाइटांची उघडी डेटा की आणि तिचीच केएमएसने बंद केलेली प्रत येते. उघडीने एईएस-जीसीएम ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरून स्थानिक एन्क्रिप्शन करायचं, बंद प्रत त्याच ओळीत बायनरी कॉलममध्ये ठेवायची. मी प्रत्येक ग्राहकाला एक डेटा की दिली आणि पॅन व खाते क्रमांक दोन्ही तिनेच बंद केले. दोघांना स्वतंत्र नॉन्स (एकदाच वापरायची बाइट्सची मालिका) हवा, 12 बाइटांचा, प्रत्येक वेळी नव्याने रँडम. एकाच किल्लीखाली नॉन्स पुन्हा वापरला की जीसीएमची सुरक्षा कोसळते. काम झाल्यावर उघडी डेटा की व्हेरिएबलमधून काढून टाका, मात्र पायथनमध्ये बाइट्स मेमरीतून खात्रीने पुसता येत नाहीत हे लक्षात असू द्या. प्रॉडक्शनमध्ये बोटो3 चं डीबग लॉगिंगही बंद ठेवा, कारण त्यात उत्तराचा मजकूर, म्हणजे उघडी डेटा कीसुद्धा, लॉगमध्ये उतरू शकते.

एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्ट जरूर द्या, म्हणजे बंद करताना दिलेल्या नाव-मूल्याच्या जोड्या, ज्या उघडताना तशाच द्याव्या लागतात. मी टेबलचं नाव आणि ग्राहकाचा अंतर्गत आयडी दिला, त्यामुळे एका ग्राहकाची बंद डेटा की दुसऱ्याच्या ओळीत चिकटवली तर ती उघडतच नाही. मूल्यं स्ट्रिंगच लागतात. आयडी पूर्णांक म्हणून दिला तर बोटो3 कॉल जाण्याआधीच अडवतं. जोड्यांचा क्रम कसाही चालतो, पण लहान-मोठ्या लिपीतला एका अक्षराचा फरकही चालत नाही. हा कॉन्टेक्स्ट क्लाउडट्रेलच्या (एडब्ल्यूएसमधल्या कॉलची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) नोंदींत उघडा दिसतो, म्हणून त्यात पॅन किंवा मोबाइल नंबर घालायचा नाही.

‘इनव्हॅलिड सायफरटेक्स्ट’ हा एरर सर्वांत छळतो, कारण नेमकं काय बिघडलं ते तो सांगत नाही. बहुधा कॉन्टेक्स्ट जुळलेला नसतो. नाहीतर बेस64 चा (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीचा) घोळ असतो: कमांड लाइन बेस64 मजकूर देते, बोटो3 थेट बाइट्स देतं आणि बाइट्सच मागतं. कमांड लाइनवरून मिळालेला मजकूर तसाच कोडमध्ये दिला की हा एरर ठरलेला.

क्लायंट एकदाच बनवून सगळ्या थ्रेडमध्ये वापरा. रीट्राय मोड मी ‘स्टँडर्ड’ केला, कारण थ्रॉटलिंग (कोट्याबाहेरचे कॉल अडवणं) तुमच्या ॲपमुळेच होतं असं नाही. त्याच खात्यातल्या एस3 (फाइल साठवण्याची सेवा) ची केएमएस एन्क्रिप्शनची मागणीही त्याच कोट्यातून जाते. बिल फारसं होत नाही, दहा हजार कॉलना 0.03 डॉलर. खरी अडचण यादीच्या पानाची होती: शंभर ग्राहक म्हणजे शंभर डिक्रिप्ट. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक वेगळ्या कॉलममध्ये ठेवले आणि यादीला डिक्रिप्ट लागेनासं झालं. पॅनवरून शोधायचं तर बंद कॉलम कामाचा नाही, दर वेळी वेगळा दिसतो. त्यासाठी स्वतंत्र किल्लीने काढलेल्या एचमॅकचा (त्याच मजकुरासाठी दर वेळी तोच येणाऱ्या ठशाचा) कॉलम आणि त्यावर इंडेक्स.

ऑटोमॅटिक रोटेशन (किल्लीचा आतला भाग ठराविक काळाने आपोआप बदलणं) चालू केलं तर मुदत एरवी 365 दिवसांची असते. 90 ते 2560 पर्यंत ठरवता येते. किल्लीचा आयडी तोच राहतो, जुना डेटा उघडत राहतो. पण साठवलेल्या डेटा की त्यामुळे बदलत नाहीत, तेव्हा डेटा की फुटली असेल तर रोटेशनचा काही उपयोग नाही. ती ओळ नव्या डेटा कीने पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागते.

जुनी किल्ली काढायची असेल तर आधी फक्त डिसेबल करा आणि क्लाउडट्रेलमध्ये कुणी तिला अजून हाक मारतंय का ते पाहा. वर्षाअखेरचे रिपोर्ट आणि जुने बॅकअप इथेच सापडतात. मग डिलीशन शेड्यूल करा: 7 ते 30 दिवस, काही न सांगितल्यास 30. त्या काळात किल्ली चालत नाही, पण डिलीशन रद्द करता येतं. रद्द केल्यावरही ती डिसेबलच राहते. ‘एनेबल की’ वेगळं चालवावं लागतं.