तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचा प्रीमियम मी शेअर बाजारात घालवते का?

न्यू जर्सीत मराठी डॉक्टरांना तोटा नाही. मंडळाच्या गणपतीत म्हणा, कुणाकडे जेवायला म्हणा, माझं काम कळलं की प्रश्न ठरलेला. मी डॉक्टरांना मालप्रॅक्टिसचा, म्हणजे उपचारात चूक झाल्याच्या दाव्यांसाठीचा, विमा देणाऱ्या एका कंपनीचे पैसे गुंतवते. समोर प्रसूतितज्ज्ञ असतील तर आवाज जरा चढतोच: "म्हणजे आमचे पैसे तुम्ही शेअरमध्ये घालवायचे आणि मग आमचाच प्रीमियम वाढवायचा, असंच ना?"

तसं नाही. पण गुंतवणुकीचा आणि प्रीमियमचा काही संबंधच नाही, असंही मी शपथेवर सांगणार नाही.

आधी पैसे असतात कुठे ते सांगते. बहुतेक सगळे बाँडमध्ये, म्हणजे कर्जरोख्यांत: अमेरिकी सरकारचे, बऱ्या कंपन्यांचे, गृहकर्जांवरचे, राज्यांचे आणि शहरांचे. (राज्यांचे आणि शहरांचे म्हणजे म्युनिसिपल बाँड; त्यांच्या व्याजावर करसवलत, म्हणून ते पूर्वी फार लाडके होते. 2017च्या कायद्याने कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्क्यांवर आणला आणि ते लाड कमी झाले.) शेअर थोडेच. विमा नियामकांच्या हिशेबात चांगल्या दर्जाचा बाँड साधारण खरेदीच्या किमतीला धरतात, शेअर मात्र बाजारभावाने. म्हणजे बाजार पडला की कंपनीचं भांडवल त्याच तिमाहीत घटतं. शिवाय शेअरसाठी जोखीम म्हणून बाजूला ठेवावं लागणारं भांडवल चांगल्या बाँडच्या कितीतरी पट. एवढं असूनही शेअरच्या मागे धावणारी कंपनी असेल, तर तिच्याकडून विमा घेऊ नका.

आता पैसे लागतात कधी? आज प्रसूतीत काही बिघडलं, तर न्यू जर्सीत त्या बाळाच्या वतीने 13व्या वाढदिवसाच्या आधीपर्यंत खटला भरता येतो. पुढे तज्ज्ञांच्या साक्षी, तडजोडीची बोलणी, ज्युरी. घटनेच्या तारखेवर चालणारी पॉलिसी असेल, म्हणजे दावा कधीही आला तरी घटनेच्या वेळची पॉलिसी लागू होत असेल, तर ते सगळं आज घेतलेल्या प्रीमियममधून भागवायचं. बहुतेक दावे इतके लांबत नाहीत, पण काही वर्षं सहज जातात. माझं काम एवढंच, की दावे ज्या सुमारास चुकते व्हायचे त्याच सुमारास बाँडची मुदतही संपत राहावी.

या लांबणीचा एक फायदा आहे. 2022 मध्ये फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळपास शून्यावरून साडेचार टक्क्यांवर नेला. व्याज वाढलं की जुन्या, कमी व्याजाच्या बाँडची किंमत उतरते; तसे सगळ्यांचे बाँड पडले. मार्च 2023 मध्ये, असेच बाँड बाळगणाऱ्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनी एकदम पैसे काढायला सुरुवात केली आणि बँक बुडाली. बाँड आमचेही पडले होते. पण आमच्या दारात रांग लागत नाही. उद्या सकाळी सगळ्या दाव्यांचे पैसे द्या, असं कुणी म्हणू शकत नाही. मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि सुटलेले पैसे वाढलेल्या व्याजाने लावायचे. ते वर्ष वाटतं तितकं वाईट नव्हतं.

मला झोप लागत नाही ती दुसऱ्या कारणाने. महागाईवर तोडगा म्हणून ग्राहक निर्देशांकाबरोबर वाढणारे सरकारी बाँड मिळतात. ज्युरी जी भरपाई देते तिच्या आकड्यांबरोबर वाढणारा बाँड कुणी काढलेला नाही. कॅलिफोर्नियाने वेदना-यातनांच्या भरपाईवर 1975 मध्ये अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली आणि ती 2022च्या कायद्यापर्यंत तशीच टिकली. न्यू जर्सीत तशी मर्यादा नाही.

आता तुमचा प्रीमियम. समजा, एका दाव्याचे शंभर डॉलर सहा वर्षांनी द्यायचे आहेत. सहा टक्के व्याज मिळत असेल तर आज साधारण साडेसत्तर डॉलर पुरतात. व्याज तीन टक्क्यांवर आलं की 84 लागतात. डॉक्टर तेच, चुका तेवढ्याच, आणि तरी जवळजवळ एकोणीस टक्के वाढ. बाजारात एक डॉलरही बुडालेला नसताना. एवढ्यापुरता तुमचा संशय बरोबर आहे.

2001 ते 2003 मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. डिसेंबर 2001 मध्ये सेंट पॉल या बड्या कंपनीने मालप्रॅक्टिसचा धंदाच सोडला. फेब्रुवारी 2003 मध्ये इथल्या डॉक्टरांनी प्रीमियमच्या निषेधात काम थांबवलं. त्याच वर्षी जीएओ या संसदेच्या तपास संस्थेने अहवाल दिला: वाढीचं मुख्य कारण दाव्यांवरचा वाढता खर्च. मोठ्या पंधरा कंपन्यांचा गुंतवणुकीवरचा सरासरी परतावा 2000 मधल्या 5.6 टक्क्यांवरून 2002 मध्ये 4 टक्क्यांच्या आसपास उतरला होता. त्याचा वाटा होता, पण लहान. तपासलेल्या कंपन्यांपैकी एकीलाही 2001 पर्यंत गुंतवणुकीत निव्वळ तोटा झालेला नव्हता.

माझ्या मते खरा दोष त्याआधीच्या दशकाचा. व्याज भरपूर होतं, दावे अंदाजापेक्षा कमी निघत होते. सेंट पॉलने 1990च्या दशकात दाव्यांसाठीच्या राखीव निधीतले एक अब्ज डॉलरहून जास्त मोकळे करून नफ्यात दाखवले. धंदा फायद्याचा दिसताच नव्या कंपन्या घुसल्या आणि स्पर्धेत प्रीमियम खर्चाच्याही खाली गेले. तेव्हा एकाही डॉक्टराने तक्रार केली नाही. कशाला करतील?

म्हणून, नूतनीकरणाच्या वेळी एखादं कोटेशन इतरांपेक्षा फारच कमी आलं, तर त्या कंपनीचं वार्षिक विवरणपत्र मागवा. ते दर वर्षी 1 मार्चपर्यंत नियामकाकडे जातं आणि सर्वांना बघता येतं. त्यात 'शेड्यूल पी' नावाचा तक्ता असतो. आधीच्या वर्षांच्या दाव्यांचा अंदाज नंतर दर वर्षी वर सरकत गेला असेल, तर ती कंपनी आज स्वस्त का आहे ते कळेल: दाव्यांचा खर्च ती आधी कमी धरते.

इथवर ऐकून घेतात, आणि मग हळूच विचारतात: "ते राहू दे. सध्या कुठला शेअर घ्यावा?"