स्टोअरवाल्यांचा मेल फक्त आतल्या आत

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही मधल्या साइझच्या कंपनीत आयटी बघणाऱ्या माणसाला ही फर्माईश कधी ना कधी येतेच, की अमुक लोकांचा मेल बाहेर जाता कामा नये, आपापसात काय ते चालू दे. "अमुक लोक" म्हणजे नक्की कोण, हे मात्र कोणी सांगत नाही, यादी मागितली की "अरे ते स्टोअर, गेट, ट्रेनी वगैरे" एवढंच उत्तर. आणि काम कालपर्यंत व्हायला हवं असतं.

साहेबांच्या डोक्यात असतात ड्रॉइंग. कस्टमरशी एनडीए (गुप्ततेचा करार) केलेला असतो, आणि स्टोअरच्या पोराने एखादं ड्रॉइंग स्वतःच्या जीमेलला पाठवलं तर काय, ही भीती. भीती खोटी नाहीये, पण त्यावर हा उपाय फारसा कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला ड्रॉइंग न्यायचंच आहे तो मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो मारतो आणि व्हॉट्सॲप करतो, मेल सर्व्हर बसतो बघत.

मग करायचं कशाला? तर फायदा दुसरीकडे आहे, आणि तो बराच मोठा आहे. शॉपफ्लोअरवर तीन शिफ्टला मिळून एकच आयडी असतो, पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव पुढे १२३, आणि तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. असा आयडी बाहेरच्या कोणाच्या हाताला लागला की रात्रीतून त्यावरून ढिगाने स्पॅम जातं, सकाळपर्यंत सर्व्हरचा आयपी ब्लॅकलिस्टला, म्हणजे बाहेरचे सर्व्हर आपला मेल घेईनासे होतात, मग पर्चेसच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) बाउन्स, अकाउंट्सचे रिमाइंडर बाउन्स, आणि एमडींचा मेल बाउन्स झाला की सगळ्या प्लांटला कळतं की मेल बंद आहे. हाच आयडी बाहेर पाठवूच शकत नसेल तर चोरून चोर करणार काय त्याचं? वर बाहेरून येणारं पण बंद केलं तर ते "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा" वाले मेल त्या माणसापर्यंत पोचतच नाहीत.

आमच्याकडे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ही सोय आधीपासून आहे, रिस्ट्रिक्शन क्लास म्हणतात. एक क्लास बनवायचा, समजा लोकल ओन्ली, त्यात दोनच गोष्टी: रिसीपियंट आपल्या डोमेनचा असेल तर ओके, नाहीतर रिजेक्ट. मग एका फाइलमध्ये ज्यांना अडवायचंय त्यांचे आयडी लिहायचे, प्रत्येकासमोर त्या क्लासचं नाव, पोस्टमॅप चालवायचं (ती फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी कमांड), रिलोड मारायचा. झालं. इंटरनेटवर हे सगळीकडे मिळतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

पण त्या उदाहरणांमध्ये बहुतेक ठिकाणी सेंडरच्या पत्त्यावर तपासणी असते, आणि सेंडरचा पत्ता म्हणजे पाठवणाऱ्याने जे लिहिलं ते. आउटलुकमध्ये फ्रॉमच्या जागी दुसऱ्याचा पत्ता टाकला की नियमाला वळसा घालून मेल बाहेर. हे पोस्टफिक्सच्या स्वतःच्या डॉक्युमेंटमध्ये सरळ लिहून ठेवलंय, पण तेवढं खाली वाचतो कोण. त्यामुळे तपासणी लॉगिनच्या नावावर करायची, त्यासाठी चेक सॅसल ॲक्सेस ही लॉगिनचं नाव बघणारी तपासणी पोस्टफिक्सच्या व्हर्जन २.११ पासून मिळते, आणि सोबत लॉगिन एकाचं आणि फ्रॉम दुसऱ्याचं असेल तर रिजेक्ट, हा पण नियम लावून टाकायचा, तो तसाही असायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे क्रम. पोस्टफिक्स नियमांची यादी वरून खाली वाचत जातं आणि पहिलं "परमिट" लागलं की ती यादी तिथेच सोडतं. बहुतेक सर्व्हरवर पहिल्याच ओळीत ऑफिसच्या नेटवर्कला परमिट असतं, आणि आपला नवा नियम त्याच्या खाली चिकटवला तर ऑफिसात बसलेल्या माणसाला तो कधीच लागत नाही, घरून टेस्ट केलं की मात्र मस्त चालतो! म्हणून अडवायची ओळ परमिटच्या वर. मी तर ती पोर्ट ५८७ च्या सबमिशनलाच (लोक लॉगिन करून मेल पाठवतात तो दरवाजा) लावलीय, पोर्ट २५ वर लोक नकोतच, तिथे बाहेरचे सर्व्हर आणि आपली मशीनं एवढंच.

मशीनं म्हटलं की स्कॅनर आला. हा सगळ्यात भारी. कॉरिडॉरमधला मोठा प्रिंटर स्कॅन टू मेल करतो, त्याला लॉगिन नसतं, नेटवर्कमधला म्हणून परमिट असतो. म्हणजे ज्याचा आयडी आपण एवढा बांधून ठेवला तो माणूस उठतो, ड्रॉइंग काचेवर ठेवतो, स्क्रीनवर जीमेलचा पत्ता टाइप करतो आणि कंपनीच्याच सर्व्हरवरून सही सलामत बाहेर पाठवतो. प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा बॉक्स, ह्या सगळ्यांच्या आयपीला तोच लोकल ओन्ली लावायचा. ईआरपीला (कंपनीचा खरेदी-हिशोब बघणारं सॉफ्टवेअर) लावता येत नाही कारण ती व्हेंडरला पीओ पाठवते, तिला वेगळं लॉगिन द्यायचं.

आणि फॉरवर्डिंग. वेबमेलमध्ये फिल्टर लावून "आलेला प्रत्येक मेल माझ्या जीमेलला पाठव" केलं तर तो मेल त्या माणसाने पाठवलेला धरलाच जात नाही, तो सर्व्हर स्वतः पुढे ढकलतो, आपला नियम त्याला लागतच नाही. मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डोव्हकॉटच्या सीव्हमध्ये (त्याची फिल्टरची सोय) रिडायरेक्टची मर्यादा शून्य करून टाकली की हे बंद होतं (अगदी जुन्या व्हर्जनला शून्य म्हणजे अमर्याद असा उलटा अर्थ होता, तेवढं बघून घ्या).

टेक्निकल इथे संपलं, आता माणसं. बाहेरून येणारे मेल बंद करायच्या आधी लोकांना महिनाभर आधी सांगा, खरंच सांगा, नोटीस बोर्डवर मराठीत लावा. लोकांनी ऑफिसचा आयडी कुठे कुठे दिलेला असतो ह्याची कल्पना येत नाही आपल्याला, एलआयसी, बँक, रेल्वेचं तिकीट, पोराच्या शाळेचं ॲप, इन्कम टॅक्सचं पोर्टल. एके दिवशी अचानक ओटीपी यायचा थांबतो आणि माणूस काही चूक नसताना अडकतो, चोर सोडून संन्याशाला फाशी.

रिजेक्टचा मेसेज पण नीट लिहा. डिफॉल्टला ५५४ ५.७.१ आणि इंग्लिशमध्ये ॲक्सेस डिनाइड येतं, ते वाचून माणूस समजतो पत्ता चुकला आणि तोच मेल दहा वेळा पाठवतो. ह्या मेसेजमध्ये देवनागरीच्या नादी लागू नका, साधी एबीसीडीच धरायची, म्हणून मी रोमन लिपीतच मराठी लिहिलं, की तुमच्या आयडीवरून बाहेर मेल जात नाही, गरज असेल तर एचओडींना (डिपार्टमेंटच्या हेडना) सांगा. फोन निम्मे कमी झाले.

डिस्पॅच हा कायमचा वांधा. नाव यादीत असतं, पण ई-वे बिल आणि इन्व्हॉइस ट्रान्सपोर्टरला त्यांनाच पाठवावं लागतं, आणि ट्रान्सपोर्टरचं कसलं डोमेन, सगळ्यांचं जीमेल. अख्खं जीमेल उघडलं तर नियमाला अर्थ काय राहिला. मग डिस्पॅचसाठी वेगळा क्लास, त्यात आपलं डोमेन आणि ट्रान्सपोर्टरचे पूर्ण पत्ते एकेक करून. नवीन ट्रान्सपोर्टर आला की त्यांचा फोन येतो, मी ओळ वाढवतो, कटकट आहे पण दुसरा मार्ग नाही.

गूगल वर्कस्पेसवाल्यांना हे सगळं रिस्ट्रिक्ट डिलिव्हरी नावाच्या सेटिंगमध्ये मिळतं, ऑर्ग युनिटप्रमाणे (म्हणजे युजरच्या गटाप्रमाणे) लावता येतं, मायक्रोसॉफ्टकडे मेल फ्लो रूल आहेत, ग्रुप बनवा आणि जाणारा येणारा असे दोन रूल टाका. डिस्पॅचचा वांधा तिथेही तोच.

यादीचं म्हणाल तर मी उलटं केलंय. नवीन आयडी निघताना आतल्या आतच निघतो, बाहेरचं हवं असेल तर जॉइनिंग फॉर्मवर एक रकाना वाढवलाय, तिथे एचओडीची सही आणि कारण. चाकणमध्ये जर्मन कस्टमर असलेल्यांना टिसॅक्स (वाहन उद्योगातलं माहिती-सुरक्षेचं) ऑडिट असतं, तिथे कोणाला काय परवानगी आणि ती दिली कोणी हे विचारतात, तेव्हा हेच फॉर्म काढून दाखवता येतात. ट्रेनी पर्चेसला गेला की नवा फॉर्म, पर्चेसचा माणूस स्टोअरला आला की पण नवा फॉर्म, आणि हा दुसरा फॉर्म एचआर आपणहून कधीच पाठवत नाही, दर तिमाहीला मलाच यादी घेऊन त्यांच्या टेबलावर जाऊन बसावं लागतं.