तुम्ही विचारलंत म्हणून: न चाललेल्या नाण्यांचं वेड

"जे नाणं बाजारात कधी चाललंच नाही त्याला एवढे पैसे कशाला मोजायचे?" इंदूरात आमच्याकडच्या प्रत्येक लग्नामुंजीत कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

टाकसाळीत नाणं पक्कं व्हायच्या आधी ट्रायल पीस, म्हणजे चाचणीची नाणी, पाडतात, कधी डिझाइन वेगळं कधी धातू वेगळा. अमेरिकेत तांबं महागलं तेव्हा 1974 साल घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे सेंट पंधरा लाखांच्या वर पाडले, मग व्हेंडिंग मशीनवाले ओरडले, मुलांचे डॉक्टर म्हणाले पोराने गिळलं तर एक्स-रेत दिसायचं नाही, आणि जवळजवळ सगळे वितळवले. इंग्लंडच्या राजाने, आठव्या एडवर्डने, डिसेंबर 1936 मध्ये गादी सोडली, त्याचं 1937 चं सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचं नाणं, बाजारात न येताच राहिलं. ठरता ठरता राहून गेलेली गोष्ट हातात धरता येते, मला याचंच वेड आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण तुमचा रोख त्या होळकरी नाण्यावर असतो, माहितीय मला. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचा 1935 चा तांब्याचा अर्धा आणा माझ्याकडे होताच. एकाने तोच चांदीत दाखवला, म्हणाला ट्रायल आहे, 38,000. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मी मोडली, तिला न विचारता.

दोन दिवसांनी सराफ्यात ओळखीच्या काकांकडे दोन्ही नाणी काट्यावर ठेवली. चांदीची घनता 10.5, तांब्याची 8.96, म्हणजे तेवढ्याच आकाराचं चांदीचं नाणं साधारण सहाव्या हिश्शाने जड भरायला हवं. दोन्ही जवळपास सारखीच भरली. काकांनी परत ठेवून बघितली, मग कडेला भिंग धरलं, मुलाम्याखालून लाल तांबं दिसत होतं. ते काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

आईला सांगायला मला आठ दिवस लागले. "अजून दिसतंय रे मला," एवढंच म्हणाली. ऑपरेशन चार महिने लांबलं.

तेव्हाचा मी म्हणायचा, असा चान्स परत येत नाही. त्याला मी खूपदा सुनावलंय की अरे आधी वजन तरी करायचंस, काटा पाच मिनिटांवर होता. पण वजन करून नाणं खरं निघालं असतं तरी एफडी तिचीच होती ना, आणि मी तेव्हाही मोडलीच असती असं वाटतं.

मागच्या महिन्यात अजून एका नाण्याचा फोटो आला. आधी वजन विचारलं, मग आईला विचारलं. ती म्हणाली, घे. मी अजून घेतलेलं नाही.