मसिकात सेरेंगेटीला जाताय? आधी तिथली माती समजून घ्या

मुलांच्या परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपल्या, त्यामुळे टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जायचं तर तेव्हाच, हे ठरलेलं होतं. नेमका तेव्हाच तिकडे 'मसिका' भरात असतो. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरच्या धाकट्या पावसाला 'वुली' म्हणतात. जून ते ऑक्टोबर कोरडं असतं आणि बहुतेक लोक तेव्हाच जातात. आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि त्यांचा मसिका दरवर्षी एकत्रच येतात, म्हणून आठ दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवतोय.

पावसाची धास्ती घेऊ नका. आम्हाला दिवसभर संततधार एकदाच लागली. एरवी सकाळ स्वच्छ, दुपारी ढग दाटायचे आणि तासाभरात धो धो कोसळून मोकळं व्हायचं. खरा प्रश्न पाऊस पडून गेल्यानंतरचा आहे.

अरुशाहून मकुयुनी, म्तो वा म्बू, कराटू असं करत न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराभोवतीच्या संरक्षित भागाच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे, काही अडचण येत नाही. पुढे सेरेंगेटीकडे कच्चा रस्ता सुरू होतो. त्यातही मुरमाच्या रस्त्यावर पाणी पडलं तरी गाडी चालते. फसवते ती काळी माती. सेरेंगेटीच्या मध्यभागी, सेरोनेराच्या आसपास तिचे पट्टे आहेत आणि पश्चिमेकडच्या भागात तर ती भरपूर आहे. आपल्याकडची कपाशीची काळी जमीन असते ना, अगदी तीच जात: उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगून चिकटणारी.

तिसऱ्या दिवशी आमची लँडक्रूझर अशाच एका पट्ट्यात रुतली. रात्री पाऊस झाला होता आणि वरून वाट सुकल्यासारखी दिसत होती. बघता बघता चारही टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्या आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चालकाने आधी दुर्बिणीने चहूबाजूंचं गवत नीट न्याहाळलं, मगच खाली उतरला. दोन पावलांत त्याच्या बुटांना चार बोटं माती चढली. तो म्हणाला, "मतोपे." म्हणजे चिखल. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढलं, तरी सुटायला दोन तास गेले. माझ्या आजोबांचा नियम तिथे आठवला: वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात पाय घालायचा नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही तोच पाळला. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी मुरमाच्या रस्त्यावरच फिरायचं. काळ्या पट्ट्याकडे दुपारी, ऊन खाऊन जमीन थोडी आवळल्यावर.

म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न हा विचारा: एप्रिलमध्ये तुमचा चालक कुठल्या वाटा टाळतो? याचं नेमकं उत्तर ज्याच्याकडे नसेल त्याच्याबरोबर जाऊ नका. दोर, फावडं आणि मोठा जॅक गाडीत आहे का, ते निघण्याआधी डोळ्यांनी बघा. उद्यानाचं प्रवेशशुल्क 24 तासांच्या हिशेबाने असतं, चिखलात अडकून बाहेर पडायला उशीर झाला तर जादा पैसे लागू शकतात. बाहेर पडण्याच्या दिवशी पहाटेच निघा. आणि बेतात एक दिवस रिकामा ठेवाच.

आता प्राण्यांचं. एप्रिलमध्ये मारा नदी ओलांडणारे कळप दिसणार नाहीत. ते साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये. विल्डबीस्ट या मोठ्या हरणासारख्या प्राण्याची वीण फेब्रुवारीच्या आसपास होऊन गेलेली असते. आम्हाला दिसली ती दक्षिणेच्या आखूड गवतातून वर सरकणारी रांग. पुढे झेब्रे उंच, जाड गवत खात, मागे विल्डबीस्ट खालचं कोवळं खात, आणि आयांच्या अंगाला लागून धावणारी पिल्लं. अर्धा तास गाडी बंद करून बसलो होतो आणि आजूबाजूला दुसरी एकही गाडी नव्हती. हे सुख जुलैत मिळणं कठीण. तारांगिरे या दुसऱ्या उद्यानाने मात्र निराशा केली. कोरड्या दिवसांत हत्ती नदीवर गोळा होतात. मसिकात पाणी सगळीकडे असल्याने पांगतात. तिथे गोरखचिंचेची झाडं पाहिली, भरपूर पक्षी पाहिले, हत्ती मोजून सात. वेळ कमी असेल तर एप्रिलमध्ये तारांगिरे वगळा आणि तो दिवस न्गोरोंगोरोला द्या.

न्गोरोंगोरोचा कडा सुमारे 2,300 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं आणि थंडी हाडात शिरत होती. जाड स्वेटर आणि कानटोपी न्याच. साधारण 600 मीटर खाली विवरात उतरलो की ऊन लागतं.

या हंगामात दर बरेच उतरतात, पण काही तंबूंचे मुक्काम एप्रिल-मेमध्ये बंदच असतात, आधी विचारून घ्या. डास वाढतात, मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. सामान ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, तिथे 2019 पासून बंदी आहे. जलरोधक कापडी पिशव्या घ्या. झांझिबार याच सहलीत जोडायचा मोह आम्ही टाळला, कारण एप्रिलमध्ये किनाऱ्यावरही मोठा पाऊस असतो.

किलीमांजारो बघायचा असेल तर पहाटेच. सात दिवस तो ढगांत होता. परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाताना, उजाडता उजाडता, बर्फाचा माथा वीसेक मिनिटं उघडा पडला. चालकाने न सांगता गाडी कडेला घेतली.