मामांची कानस

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. माझे आजोबाही गिरणीतच होते. पण 1992 साली इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स उभी राहिली, सोलापूरचे कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, परदेशी इंजिनांत जाऊ लागले, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. आमचा कारखाना वेगळा, बराच लहान. मी तिथल्या लॅबमध्ये आहे.

एप्रिलातली गोष्ट. जर्मनीचा माल न्हावाशेव्याला निघायचा होता, गाडी दारात उभी. तेवढ्यात फायनल इन्स्पेक्शनचे मामा एक शाफ्ट घेऊन आले. "मॅडम, हितं कानस धरायलीय."

कॅमशाफ्टचा दांडा मशीनवर कापता यावा म्हणून मऊ हवा. त्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, मात्र कडक, कारण व्हॉल्व्ह उघडताना घासतात तेच. म्हणून साच्यात लोबच्या जागी लोखंडी चिल बसवतात. रस त्याला टेकला की झटकन थिजतो, तिथलं बीड पांढरं, काचेसारखं होतं. बाकीचं सावकाश निवून करडं राहतं. पांढऱ्या लोबवरून कानस नुसती घसरते. पाचव्या लोबवर मी स्वतः फिरवली, तर बोटांना काळा चुरा लागला.

लोब फोडला. कडेला चांदीसारखा पट्टा दिसायला हवा होता. आतबाहेर सगळं करडं.

"गाडी चुकली की जहाज चुकणार," डिस्पॅचवाले म्हणाले. तेही खरंच. प्लँट मॅनेजरांनी फुटका लोब उजेडात धरून पाहिला. "पेट्या उतरवा."

प्रत्येक शाफ्टवर हीट नंबर (रसाची खेप कुठली) आणि पॅटर्न नंबर (साचा कुठल्या नमुन्यावर केला) ओतीव असतो, त्यानेच वाचवलं. दोष फक्त तीन नंबरच्या पॅटर्नचा निघाला: चिलचा खाचा झिजला होता, साच्याची रेती आत शिरून चिलच्या तोंडावर पापुद्रा धरत होती. साडेपाचला, तिकडे दुपारचे दोन, आम्हीच फोन करून ग्राहकाला सांगितलं. मग गंजरोधक पिशव्या फाडत रात्री दोनपर्यंत एकेका लोबवर कानस. मधे मामांनी कडक भाकरी नि शेंगाचटणी सगळ्यांत वाटली.

मऊ लोबचे 19 शाफ्ट निघाले. गाडी दुसऱ्या दिवशी दोन पेट्या कमी घेऊन गेली. नवीन पॅटर्नच्या पहिल्या हीटचा लोब मामांनीच फोडला.

"बघा मॅडम, कसा पांढरा पडलाय."