ढकलस्टार्ट विजेता

२३ मे १९८२ ची मोनॅको ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत, ७६ फेऱ्यांची होती. त्यातल्या पहिल्या ७३ फेऱ्यांवर मी वेळ घालवणार नाही. रने आर्नू सगळ्यांच्या पुढे सुटला, पंधराव्या फेरीत गिरकी खाऊन बाद झाला आणि आघाडी त्याच्याच रेनो संघातल्या अॅलेन प्रॉस्टकडे आली. मोनॅको म्हणजे शहरातलेच रस्ते, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढच्याला ओलांडायला जागा मिळणं मुश्कील. अशा ठिकाणी पुढे असलेला माणूस पुढेच राहतो. प्रेक्षक बहुधा निघायच्या तयारीत असावेत.

आणि नेमका तेव्हाच पाऊस भुरभुरू लागला.

तीन फेऱ्या उरल्या असताना प्रॉस्ट कठड्यावर आदळला. आघाडी ब्रॅबहॅमच्या रिकार्दो पात्रेसेकडे. हा इटालियन गडी अठ्ठावीस वर्षांचा, तोवर एकही ग्रां प्री न जिंकलेला. १९७८ साली मोंझाच्या शर्यतीतल्या अपघातानंतर रॉनी पीटरसन हा चालक दगावला, त्याचं खापर ह्याच्या डोक्यावर फोडून ह्याला पुढच्या शर्यतीला उभंही राहू दिलं नव्हतं. नंतर कोर्टाने निर्दोष ठरवलं. म्हणजे ह्याला तरी आता जिंकू द्यावं की नाही? पण पुढच्याच फेरीत, लोएव्ज हॉटेलजवळच्या त्या अगदी अरुंद वळणावर, ओल्या रस्त्यावर त्याची गाडी गिरकी खाऊन आडवी झाली. इंजिन बंद.

आता आघाडीवर फेरारीचा दिदिए पिरोनी. दोनच आठवड्यांपूर्वी बेल्जियममध्ये त्याचा सहकारी जिल व्हिलन्यव्ह अपघातात दगावला होता. फेरारीने मोनॅकोला ही एकच गाडी उतरवली होती. शेवटच्या फेरीत ती बोगद्यात बंद पडली. त्याच्या मागे अल्फा रोमिओचा आंद्रेया दे चेझारिस होता. त्याचं पेट्रोल संपलं. मग विल्यम्सचा डेरेक डेली. त्याने आधीच कुठेतरी धडकून मागचा पंख (गाडी रस्त्याला दाबून धरणारी आडवी पट्टी) घालवला होता, तरी तशीच गाडी हाकत होता. त्याचा गिअरबॉक्स बसला.

समालोचक अंतिम रेषेकडे डोळे लावून बसले होते, पण जिंकायला कोणी येईना.

इकडे पात्रेसेची गाडी धोकादायक जागी अडकली होती, म्हणून मार्शल लोकांनी, म्हणजे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी, ती ढकलली. पुढे उतार होता. लहानपणी आमच्या गल्लीत पावसाळ्यातल्या सकाळी हट्टाला पेटलेली स्कूटर अशीच उतारावरून सोडून, गिअरमध्ये टाकून, झटक्यात क्लच सोडून चालू करत. फॉर्म्युला वनच्या कॉसवर्थ इंजिनाचंही अगदी तेच झालं. पिरोनी आणि दे चेझारिस आपल्याला मागे टाकून गेलेले पात्रेसेने पाहिले होते. बोगद्यात उभा असलेला पिरोनीही नंतर वाटेत दिसला असणारच. तरी रेषा ओलांडताना आपण जिंकलो हे ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं!

नशिबाने जिंकला, असं म्हणणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. उतार नशिबाने मिळाला हे कबूल, पण त्या दिवशीची सर्वांत वेगवान फेरीही ह्याच पात्रेसेची होती. शिवाय गाडी आडवी झाल्यावर ‘गेलं’ म्हणून हेल्मेट काढून उतरला असता तर उताराचा काय उपयोग? तो खाली उतरला नाही, ह्याचं श्रेय कुणी देत नाही.

खरी गंमत निकालपत्रात आहे. पूर्ण केलेल्या फेऱ्या मोजून क्रमांक ठरतात, त्यामुळे बोगद्यात अडकलेला पिरोनी दुसरा. पेट्रोल संपलेला दे चेझारिस तिसरा. गिअरबॉक्स बसलेल्या डेलीलासुद्धा सहावा क्रमांक आणि एक गुण. आणि लोटसमधून एक फेरी मागे का होईना, पण स्वतःच्या इंजिनावर रेषेपार गेलेला नायजेल मॅन्सेल चौथा.